मागचा ड्रायव्हर मोबाइलमध्ये आहे असं धरूनच पद्मिनी चालवा

पुण्यात कर्वे रोडवर सिग्नलला माझी जुनी पद्मिनी घेऊन उभा होतो. लाल दिव्याचे अजून चाळीस सेकंद बाकी. आरशात एक पांढरी एसयूव्ही येताना दिसली. काचेमागचं डोकं खाली झुकलेलं, हनुवटीवर मोबाइलचा निळसर उजेड. मी ब्रेकवर दोनदा पाय मारला, हॉर्न वाजवला. पुढे मोपेडवर एक बाई थांबल्या होत्या, त्यामुळे सरकताही येईना. धडक फार जोराची नव्हती, पण मागचा क्रोमचा बंपर आत गेला आणि डिकी उघडेना. मुलगा खाली उतरला. "काका, सॉरी, खरंच दिसली नाही." दोन मिनिटांनी तोच मोबाइल काढून त्यानं गाडीचा फोटो घेतला आणि म्हणाला, "पण काय मेंटेन केलीय!"

छोटी जुनी गाडी चालवणाऱ्याची गोची त्या मुलाच्या या दोन वाक्यांत आली. निम्म्या लोकांना तुम्ही दिसतच नाही आणि उरलेल्या निम्म्यांना इतके दिसता, की ते स्वतःची गाडी चालवायचं विसरतात.

माझी गाडी वडिलांनी घेतलेली १९८१ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावानं निघालेल्या या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून इतक्या होत्या, की त्या कशा वळतात, कशा थांबतात हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. आज तुमच्या मागे जो विशीतला मुलगा गाडी चालवतोय, त्यानं ही गाडी ब्रेक मारताना कधी पाहिलेलीच नाही. खाली लिहिलंय ते पद्मिनीच्या अनुभवावरून, पण डुक्कर फियाट, स्टँडर्ड हेरल्ड, जुनी मारुती ८०० यांनाही ते बहुतेक लागू पडेल.

आधी ब्रेक, पॉलिश नंतर

एक ढोबळ हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर, डिस्क ब्रेक आणि एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी) आजची गाडी साधारण १८ मीटर घेते. चांगल्या स्थितीतले ड्रम ब्रेक आणि जुन्या मापाचे अरुंद टायर असलेली आपली गाडी २८ मीटरच्या आसपास. फरक दहा मीटरचा, म्हणजे एकामागे एक दोन पद्मिनी आणि वर एक स्कूटर. म्हणून पुढच्या नव्या गाडीशी इतरांइतकं अंतर ठेवून भागत नाही. पुढची गाडी विजेच्या एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही त्याच खांबाशी येईपर्यंत चार सेकंद गेले पाहिजेत. पावसात सहा.

मोसमाच्या सुरुवातीला चारही ड्रम काढून घ्या. लायनिंग (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर) किती उरलंय, व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का, ड्रमला आतून खाच पडलीय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शू अ‍ॅडजस्ट करताना आमचे मिस्त्री चाक जॅकवर घेतात, हातानं फिरवतात आणि कान लावतात. "शू कुजबुजला पाहिजे, ओरडता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. चाक मोकळं फिरलं की ते अ‍ॅडजस्टर आणखी जरा फिरवतात, घासून अडकलं की जरा मागे घेतात. चारही चाकांचा आवाज सारखा आला की मगच जॅक खाली. या कामाला अर्धा दिवस जातो. गाडी दोन तासांत परत मिळाली तर काहीतरी राहून गेलंय असं खुशाल समजा.

घरच्या घरी करायच्या दोन चाचण्या. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची वॉशर गेलीय. गाडी तशी बाहेर काढू नका, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. दुसरी चाचणी मोकळ्या मैदानात. ताशी तीस-चाळीसला स्टिअरिंग अगदी हलकं धरून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली, तर त्या बाजूचा ब्रेक जास्त लागतोय किंवा दुसऱ्या बाजूच्या ड्रममध्ये तेल उतरलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ते बदला.

हँडब्रेक नीट असू द्या. एकाच सर्किटच्या गाडीत शेवटचा आधार तोच. रिकाम्या रस्त्यावर सावकाश वेगात तो ओढून गाडी थांबवायची सवय एकदा करून ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा हात चाचपडणार नाही.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका, तारीख बघा. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर झिजायच्या आधी कडक होतात आणि पावसात साबणासारखे घसरतात. एका अ‍ॅक्सलला एक रेडियल आणि एक साधा टायर कधीही घालू नका.

मागून दिसलं पाहिजे

माझ्या मते ब्रेकनंतर जुन्या गाडीवर खर्च करायचे पहिले हजार रुपये इथं जायला हवेत. पद्मिनीचे मागचे दिवे आजच्या मानानं पणतीसारखे. त्यात वर्षानुवर्षांचं गंजलेलं अर्थिंग. इंडिकेटर लावला की टेललँपही त्याच्यासोबत लुकलुकत असेल तर अर्थिंग गेलं समजा. होल्डर काढा, पॉलिश पेपरनं घासा आणि प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर बॉडीपर्यंत ओढून घ्या. वायरमनचं तासाभराचं काम, पण दिव्याचा उजेड बघताबघता वाढतो.

दुसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकलाइटचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पेडल हलकं टेकवलं तर दिवा लागतच नाही, बऱ्यापैकी दाबलं की लागतो. म्हणजे तुम्ही वेग कमी करायला लागलेले असता आणि मागच्याला पत्ताही नसतो. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, आरशात बघत पेडल इंचाइंचानं दाबा आणि भिंत कधी लाल होते ते पाहा. माझ्या गाडीत पेडल जवळजवळ अर्धं खाली गेल्यावर लाल झाली होती. पेडलपाशी साधा यांत्रिक स्विच बसवून घेतला. आता पाय नुसता टेकला तरी दिवा लागतो.

ब्रेकलाइटला एलईडी बल्ब घाला. तार तापून उजळणाऱ्या साध्या बल्बपेक्षा तो साधारण ०.२ सेकंद आधी लागतो. ताशी ६०ला एवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटर पुढे आलेली असते. इंडिकेटरलाही एलईडी घातले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) चालत नाही, इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो. मागच्या काचेत आतून तिसरा ब्रेकलाइट लावा. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतील. त्यांच्यासाठी तो दोन स्क्रूवर बसवा. रॅलीच्या दिवशी काढा, बाकी वर्षभर लावा. मागच्या बंपरखाली लाल रेडियम पट्टी, आणि दारांच्या कडेला आतल्या बाजूनं एकेक तुकडा, म्हणजे रात्री दार उघडलं की ते चमकतं.

आरसे दोन्ही बाजूंना हवेत. जुन्या फोटोत डावीकडे आरसा नसतो हे खरं, पण जुन्या फोटोत डावीकडून घुसणारा डिलिव्हरी बॉयही नसतो.

दिवसाही डिप लाइट लावून चालवा. दुचाक्यांना २०१७ पासून आपोआप लागणारे दिवे आले, तरी चारचाकीचे दिवसा दिसले की अजूनही दर दुसरा माणूस पंजा उघडमीट करून "लाइट चालू आहे" असं सांगतो. हसून मान डोलवायची. त्यानं खूण केली म्हणजे त्याला तुम्ही दिसलात. आणखी काय पाहिजे? मात्र डायनामोची (जुन्या पद्धतीच्या चार्जिंगची) गाडी असेल तर सिग्नलला चार्जिंग पुरत नाही, तिथे पार्किंग लाइटवर या.

आतल्या माणसांसाठी

पद्मिनीचा स्टिअरिंग कॉलम आजच्यासारखा दुमडत नाही. बाकासारख्या सीटला हेडरेस्ट नाही. जुन्या गाड्यांना पट्टेही नसत. हे ऐकून गाडी विकायची गरज नाही, पण तीन बिंदूंचा पट्टा बसवलाच पाहिजे. तो नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्टनं आवळायचा नाही. धक्क्यात पत्रा फाटून बोल्ट बाहेर येतो. दाराच्या खांबात आतून जाड लोखंडी पट्टी आणि नट वेल्ड करून त्यात बोल्ट धरायचा. पट्ट्याचं खालचं टोक सीटला बांधू नका, जमिनीला बांधा. जुन्या सीटचे पाय धक्का सोसत नाहीत. मागून ठोकर बसली की मान झटक्यानं मागे जाते, म्हणून पाठीला हेडरेस्ट जोडून घ्या. कर्वे रोडच्या त्या किरकोळ धडकेनंतर माझी मान आठवडाभर धरली होती. बंपर मानेच्या आधी नीट झाला.

मागे पट्टे नसतील तर लहान मुलांना हायवेवर नेऊ नका. नातवंडं रुसतात, रुसू द्यावीत.

पेट्रोलच्या नळ्या बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि चांगले क्लिप घाला. एक किलोचा अग्निशामक हाताला लागेल असा ठेवा, डिकीत नको. मागून ठोकर बसली तर डिकीच उघडत नाही, हे मी पाहिलंय.

निघायची वेळ, जायचा रस्ता

रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ. यावर माझा वाद नाही. तेवढ्या वेळात रस्त्यावर दूधवाले, सायकलवाले आणि तुमच्यासारखेच वेडे असतात. एकच सावधगिरी: शनिवारच्या रात्रीचे काहीजण पहाटेपर्यंत घरी पोचलेले नसतात.

मुंबईला जायचं तर मी एक्सप्रेसवे घेत नाही. तिथे कारला १०० ची मर्यादा आहे आणि पद्मिनी सुखानं चालते ती साठ-सत्तरला. मधल्या लेनमध्ये तुम्ही इतरांच्या वाटेतला दगड ठरता आणि डावीकडे घाटात मालाचे ट्रक रांगत असतात. जुना हायवे बरा. पण बोरघाटात काही अंतर दोन्ही रस्ते एकच होतात, तो तुकडा उजाडताच, गर्दी व्हायच्या आत पार पडेल अशी वेळ धरा.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनुसार व्हीए अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती घेतल्यावर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढंच. भाजी आणायलाही गाडी काढायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहा आणि विमा कधीही खंडू देऊ नका.

सिग्नलला थांबण्याची रीत

बऱ्याच ठोकरी मागून बसतात आणि त्या बसतात थांबताना. पुस्तकात लिहिलेलं असतं, पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा, म्हणजे वेळ आली तर निसटता येतं. पुण्यात ते अंतर तीन सेकंदांत दोन स्कूटर आणि एक रिक्षा भरून काढतात. मग मागून धक्का बसला तर तुम्ही त्या स्कूटरवाल्यांवर जाता. म्हणून निसटायच्या जागेवर माझी भिस्त नाही. मागची गाडी आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच तिचा वेग कमी झालेला असला पाहिजे. ते असं साधतं:

लांबून लाल दिवा दिसला की शंभर मीटर आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लगेच आरशात बघा, मागे कोण आहे आणि त्याचं डोकं वर आहे का. ब्रेकला पायाची दोनदा हलकी टिचकी, म्हणजे दिवा लुकलुकतो. स्थिर दिवा नजरेआड होतो, लुकलुकणारा होत नाही. मग हळूहळू वेग उतरवत न्या. मागच्याला आपल्यासोबतच मंद व्हावं लागतं. तो चिडला तर उत्तम. चिडलेला माणूस मोबाइल बघत नाही.

काच खाली असेल तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून वरखाली हलवा. वाहन शिकताना हाताच्या खुणा पाठ केल्या होत्या, त्या अजूनही चालतात. चार इंडिकेटर पाहूनही न हलणारा मागचा माणूस खिडकीतून आलेला हात पाहून दचकतो.

थांबल्यावर लगेच न्यूट्रल करू नका. मागे दोन गाड्या नीट थांबेपर्यंत पहिला गिअर, पाय क्लचवर, नजर आरशात. मग न्यूट्रल, हँडब्रेक, आणि तरी पाय ब्रेकवर, दिवा लागलेला राहावा म्हणून. मागून कोणी थांबेना असं दिसलं आणि निसटायला जागा नसली, तर डोकं सीटला टेकवा, ब्रेक घट्ट दाबा, आणि पुढे स्कूटरवाला असेल तर स्टिअरिंग जरा डावीकडे वळवून ठेवा.

पिवळा दिवा म्हणजे जुन्या गाडीची परीक्षा. मागे कोणी चिकटून येत असेल तर पिवळा पाहून करकचून ब्रेक मारू नका. पिवळा दिसेपर्यंत वाट बघत बसायचंच नाही. सिग्नल बराच वेळ हिरवा आहे हे दिसलं की आधीपासून वेग कमी ठेवा. हिरवा लागल्यावर मनात दोन मोजा, उजवीकडे बघा, मग क्लच सोडा. मागचे हॉर्न वाजवतील. उजवीकडून सिग्नल तोडून येणारा मात्र हॉर्न वाजवत नाही.

कौतुक करणाऱ्यांपासून सांभाळा

हा धोका नव्या गाडीवाल्यांना माहीतच नाही. दुचाकीवर दोघं. मागचा मोबाइल उभा धरून व्हिडिओ काढतोय, पुढचा गाडी तुमच्या दाराला समांतर ठेवून चालवतोय आणि रस्त्याऐवजी तुमचा डॅशबोर्ड बघतोय. ताशी ६०च्या वेगात तीन सेकंद बघणं म्हणजे ५० मीटर आंधळेपणानं जाणं. वर तो विचारतो, "काका, कुठलं मॉडेल? विकायचीय का?"

उत्तर देऊ नका. नजरेला नजरही देऊ नका. दिली की संभाषण सुरू होतं. वेग वाढवून पळू नका, तो मागे लागेल. सावकाश वेग कमी करा. मंद गाडीचा व्हिडिओ कंटाळवाणा होतो आणि ते पुढे जातात. अगदीच पिच्छा सोडत नसतील तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, खाली उतरा, फोटो काढू द्या, मॉडेल सांगा. पाच मिनिटं जातात. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण उभ्या गाडीत.

एसयूव्हीतले कौतुक करणारे अधिक घातक, कारण ते फोटोसाठी पुढे जाऊन अचानक मंद होतात. तुम्हाला थांबायला त्यांच्यापेक्षा दहा मीटर जास्त लागतात हे त्यांना कुठून ठाऊक? पुढे जाऊन मागे बघणारी गाडी दिसली की अंतर दुप्पट करा.

ट्रक आणि बसच्या आडोशात

पद्मिनीची उंची दीड मीटरच्या आत. ट्रकच्या केबिनमधून डाव्या दारापाशी असलेली एवढी गाडी दिसत नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असंच धरा. पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस थांब्यावरून निघताना उजवीकडे येते. तिच्या पुढच्या चाकाशी समांतर राहू नका. पुढे निघून जा किंवा मागेच थांबा.

उंच गाडीच्या मागे राहिलं की पुढचं काहीच दिसत नाही. तिला पुढे जाऊ द्या, अंतर वाढवा, आणि लेनमध्ये थोडे उजवीकडे राहा, म्हणजे निदान तिच्या कडेनं पलीकडचे ब्रेकलाइट दिसतील.

दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकचा हिशेब पाठ ठेवा. ट्रक ४० ला, तुम्ही ६० ला. त्याच्या मागून निघून त्याच्या पुढे सुरक्षित येईपर्यंत सुमारे ४० मीटरचा फरक कापावा लागतो, त्याला सात सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १२० मीटर जाता आणि समोरून ८०ला येणारा १६० मीटर येतो. म्हणजे जवळपास पावणेतीनशे मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, आणि समोरच्याचं लक्ष रस्त्यावर आहे हे धरायचं नाही. एवढा रस्ता दिसत नसेल तर ट्रकच्या मागे चहाच्या टपरीपर्यंत चला. चहा तरी प्यायचाच असतो.

घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. वरंध असो की ताम्हिणी, बहुतेक वळणांवर दुसरा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी पाडा. उतारावर वेग आल्यावर दांड्यावरचा गिअर शोधताना न्यूट्रलमध्ये अडकलात तर फार वाईट. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडा, मग ड्रमला निवायला वेळ द्या. सतत पाय टेकवून उतरलं की ड्रम तापून पसरतो, पेडल खोल जातं आणि ब्रेक लागेनासा होतो. जळकट वास आला की पहिल्या रुंद जागेला थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. वीस मिनिटं बसून राहा.

उतारावर खरी काळजी मागच्या ट्रकची. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरणारे ड्रायव्हर आहेत. पुण्याच्या कात्रज बायपासवर नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनानं डझनावारी गाड्यांना धडक दिली होती. तो उतार टाळून मी शहरातूनच जातो, वाट वाकडी करून. जावंच लागलं तर डावीकडे, रांग दिसताच हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) किंवा हाताची खूण, आणि रांगेच्या शेपटाला ट्रकच्या समोर थांबायचं नाही.

पाऊस आणि रात्र

भुयारी मार्गात पाणी साचलेलं असेल तर जाऊच नका. थोड्या पाण्यातून गेलात तर बाहेर आल्यावर दोनशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून सावकाश चला, लायनिंग वाळतं. तोवर ब्रेक एका बाजूला ओढेल याची तयारी ठेवा. एबीएस नाही, म्हणून चाक लॉक होऊन गाडी सरळ घसरू लागली तर पाय क्षणभर उचला, पुन्हा दाबा. हे मैदानात ओल्या मातीवर एकदा करून बघा, पाय शिकतो.

रात्री शक्यतो टाळाच. एसयूव्हीचे हेडलाइट आपल्या आरशाच्या उंचीवर असतात आणि डोळे दिपतात. आतला आरसा रात्रीच्या कोनात करा, समोरून अप्पर टाकून येणाऱ्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेषेकडे बघा. हेडलाइटना रिले (बॅटरीची वीज थेट दिव्याला देणारा स्विच) बसवला तर जुन्या स्विचवरचा भार कमी होतो आणि उजेड वाढतो.

बंद पडली तर

मे महिन्यातल्या चढावर इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापून वाफ धरते आणि गाडी धापा टाकत थांबते. धापा सुरू होताच, पूर्ण बंद पडायची वाट न बघता, डावीकडे रस्त्याबाहेर काढा. वळणावर थांबू नका. आणखी पन्नास मीटर ढकलावी लागली तरी ढकला. इशाऱ्याचा लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. सगळी माणसं गाडीबाहेर, रेलिंगपलीकडे; सावलीसाठी गाडीत बसणं सगळ्यात धोक्याचं. मग पंपावर ओलं फडकं टाका आणि वीस मिनिटं गप्पा मारा. सीबी पॉइंट आणि कंडेन्सर (दोन्ही इग्निशनचे भाग), फॅन बेल्ट आणि फ्यूज सोबत असले की बाकीच्या बहुतेक दुखण्यांवर रस्त्यावरच इलाज होतो. चाक बदलायचं असेल आणि ते रहदारीच्या बाजूचं असेल, तर बदलू नका. टायर गेला तरी चालेल, गाडी तशीच सावकाश आत घ्या.

ठोकर बसलीच तर इंजिन बंद, बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद, पेट्रोलचा वास येतोय का पाहा. भांडण नंतर. दोन्ही गाड्यांचे फोटो जागा न हलवता आधी घ्या. जुन्या गाडीचे सुटे भाग शोधायला महिने लागतात, तेव्हा क्रोमची पट्टी, काचेची दोरी, टेललँपची काच, जे काही रस्त्यावर पडलंय ते गोळा करून पिशवीत भरा. माझ्या बंपरचा बोल्टही त्या पिशवीतूनच निघाला.

घरी परतल्यावर

गाडी लावली की लगेच आत जाऊ नका. एकेका चाकाच्या मधोमध हाताची पाठ जवळ न्या, टेकवू नका. चौघांतलं एक जास्त तापलं असेल तर त्याचा शू सुटत नाहीये. इंजिनखाली आणि प्रत्येक चाकाच्या आत जुना पेपर टाकून ठेवा, सकाळी डाग बघा. इंजिन ऑइलचा काळा डाग चालतो, पद्मिनी तेवढी गळणारच. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, बोटाला निसरडा डाग दिसला तर ते ब्रेक ऑइल. किल्ली खिळ्याला लावा आणि मिस्त्रींना फोन करा.